आवाजात काहीच न घालणारा डबा

ध्वनिमुद्रणाच्या खोलीत दिवसभरात सर्वांत जास्त वेळा ज्या वस्तूला हात लागतो, तिचे नाव उपकरणांच्या यादीत बहुधा शेवटी येते. मायक्रोफोनविषयी लोक तासन् तास बोलतात, मायक्रोफोनचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या प्रीअँपवरून वाद घालतात, स्पीकरच्या चांगल्या जोडीसाठी हप्ते भरतात. पण संगणकातून निघालेला आवाज त्या स्पीकरपर्यंत किती जोराने, कोणत्या जोडीकडे आणि कोणत्या क्षणी जाईल हे ठरवणारा जो डबा टेबलावर असतो, त्याच्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही. त्याला मॉनिटर कंट्रोलर म्हणतात. एक मोठा नॉब, चार-पाच बटणे, मागे केबलींचा झुबका आणि काचेपलीकडच्या कलावंताशी बोलण्याची सोय, म्हणजे टॉकबॅक, एवढाच त्याचा संसार.

पूर्वी हा डबा वेगळा नसे. आवाज मिसळण्याच्या मोठ्या टेबलाच्या, म्हणजे कन्सोलच्या, मध्यभागी, रेकॉर्डिस्टच्या अगदी हाताशी, मास्टर सेक्शन असे आणि त्यातच हे सगळे सामावलेले असे. संगणक आले आणि कन्सोल हळूहळू गेले. त्यांचे बहुतेक अवयव कुठे ना कुठे परत आले: प्रीअँप इंटरफेसमध्ये, म्हणजे माइक आणि स्पीकर संगणकाला जोडणाऱ्या डब्यात, आले, स्वरपट्ट्यांचे प्रमाण बदलणारा ईक्यू आणि आवाजाचे चढउतार दाबणारा कॉम्प्रेसर सॉफ्टवेअरमध्ये आले, फेडर पडद्यावर आले. मास्टर सेक्शन मात्र अनेक छोट्या स्टुडिओंत आलाच नाही. त्याच्या जागी इंटरफेसवरचा एक बारीकसा नॉब राहिला, आणि कलावंताशी बोलायचे झाले तर माउसने पडद्यावरचे एखादे बटण शोधणे राहिले.

पुण्यातल्या माझ्या दोन खोल्यांच्या स्टुडिओत मुख्यतः माणसांचे बोलणे ध्वनिमुद्रित होते: ऑडिओबुक, अभिवाचन, माहितीपटांचे निवेदन, कधीमधी डबिंग. हा डबा घरीच बांधायचे मी ठरवले ते पैसे वाचवण्यासाठी नव्हे. सुटे भाग, टपालखर्च आणि स्वतःचे तास धरले तर बाजारातला तयार डबा महाग पडतोच असे नाही. तो बांधावासा वाटला, कारण तो बांधता येण्याजोगा आहे. आवाजात काहीही न घालणे हे ज्याचे काम, अशा वस्तूत हौशी माणसाला लपायला जागा नसते. तिच्यात काही चांगले करून दाखवायचे नसते. वाईट काही होऊ द्यायचे नसते, एवढेच.

आता नॉब फिरवून आवाज कमी-जास्त करणे ही एवढी गंभीर गोष्ट का, हे सांगायला हवे. १९३३ साली बेल प्रयोगशाळेतल्या हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी माणसाच्या कानाचे जे आलेख प्रसिद्ध केले, त्यांतून एक गोष्ट स्वच्छ दिसली: आवाजाची पातळी बदलली की वेगवेगळ्या स्वरपट्ट्यांचे आपल्याला जाणवणारे प्रमाणही बदलते. हळू ऐकताना खर्ज आपल्याला कमी ऐकू येतो, मोठ्याने ऐकताना तो भरून येतो. पुढे हे आलेख सुधारले गेले आणि २००३ साली त्यांचे आंतरराष्ट्रीय मानक नव्याने मांडले गेले, पण मूळ गोष्ट तीच राहिली. याचा व्यवहारातला अर्थ असा, की सकाळी मोठ्या आवाजात ऐकून ज्या निवेदकाचा आवाज भारदस्त वाटला, तोच दुपारी नॉब जरा खाली असताना पातळ वाटेल, मी ईक्यूने त्याचा खर्ज वाढवीन, आणि संध्याकाळी कुणी नॉब वर केला की सगळे प्रकरण घुमायला लागेल. भाजीवाल्याच्या तराजूची दांडी रिकामी असताना सरळ हवी. ती रोज थोडी वेगळी झुकत असेल तर मापे कितीही खरी असून उपयोग नाही.

म्हणून चित्रपटाच्या ध्वनिमिश्रणात ऐकण्याची पातळीच ठरवून टाकण्याची पद्धत पडली. ठरावीक पातळीचा पिंक नॉइज, म्हणजे सगळ्या स्वरपट्ट्या असलेला चाचणीचा खळखळाट, एकेका स्पीकरमधून सोडायचा, ऐकण्याच्या जागी ध्वनिमापक ठेवायचा आणि ठरलेला आकडा येईपर्यंत स्पीकर जुळवायचे. बॉब कॅट्झ या अमेरिकी मास्टरिंग अभियंत्याने संगीताच्या कामासाठी याच धर्तीवर ८३ डेसिबलचा आग्रह धरला. एवढा जोर माझ्या छोट्या खोलीत अंगावर येतो, म्हणून मी ७६ वर थांबलो. आकडा कोणता, यापेक्षा तो रोज तोच असणे महत्त्वाचे आहे, आणि ते होण्यासाठी नॉबला खाचा हव्यात. गुळगुळीत फिरणाऱ्या नॉबवर पेन्सिलीने केलेली खूण ही खूण नव्हे. ती आठवण आहे.

हे काम संगणकातल्या व्हॉल्यूमवर करता येत नाही का, असा प्रश्न नेहमी येतो. त्याने बिट कमी होतात आणि आवाज बिघडतो, ही भीती २४ बिटच्या काळात फारशी खरी नाही. खरी अडचण वेगळी आहे. संगणकात आवाज खाली असला तरी त्यापुढचे सगळे, म्हणजे इंटरफेस आणि स्पीकरमधले अँप्लिफायर, पूर्ण तयारीत उभे असतात. एखादे सॉफ्टवेअर कोसळले, एखादा प्लगइन बिथरला, की जो किंकाळीसारखा आवाज निघतो तो त्या पडद्यावरच्या नॉबला विचारून निघत नाही. इंटरफेस आणि स्पीकर यांच्या मध्ये लोखंड-तांब्याचा काही अडसर हवा.

सर्वांत सोपा अडसर म्हणजे पॉट, फिरवला की विजेचा रोध बदलणारा साधा नॉब. तापकीर गल्लीत गेलो तर पॉटची उणीव नाही. बुधवार पेठेतल्या त्या गर्दीत, जिथे एका बाजूला माळांचे दिवे आणि दुसऱ्या बाजूला ट्रान्सफॉर्मर विकायला असतात, तिथल्या एका जुन्या दुकानातल्या काकांना मी चोवीस टप्प्यांचा रोटरी स्विच मागितला तेव्हा त्यांनी चष्म्यावरून पाहिले.

“साहेब, हे आता कोण मागतं? ड्युअल पॉट घ्या की. फिफ्टी के लॉग. अँप्लिफायरवाले सगळे हेच नेतात.”

“काका, त्यात डावं-उजवं सारखं राहत नाही.”

“ते आता कान लावून बसलं तर कशातच राहत नाही,” असे म्हणून त्यांनी पॉट परत डबीत टाकला आणि बारा टप्प्यांपर्यंतचा स्विच आहे, बघा चालतो का, असेही सांगितले.

काकांचे म्हणणे अँप्लिफायरपुरते बरोबर होते. पॉटमध्ये कार्बनच्या दोन पट्ट्यांवरून एकाच दांड्याला जोडलेले दोन संपर्क फिरतात आणि त्या दोन्ही पट्ट्या तंतोतंत सारख्या कधीच नसतात. नॉब अर्ध्याच्या वर असतो तोवर हा फरक कळत नाही; पण लॉग पॉटच्या अगदी खालच्या टोकाला, म्हणजे शांतपणे ऐकताना नॉब जिथे असतो नेमका तिथे, डाव्या-उजव्यात दोन-तीन डेसिबलचा फरक पडू शकतो. मग दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध बसलेला निवेदक किंचित एका बाजूला सरकतो, आणि नॉब वर केला की परत जागेवर येतो. दुसरा दोष पॉटच्या किमतीत असतो. किंमत म्हणजे ओहममधली. ५० किलोओहमच्या पॉटचा बाहेर दिसणारा रोध मधल्या एका जागी साडेबारा किलोओहमपर्यंत जातो. त्यापुढे दहा मीटर केबल जोडली, आणि तिची धारिता मीटरला १०० पिकोफॅरड धरली, तर त्या दोघांचे मिळून असे गाळणे तयार होते की साधारण १२,७०० हर्ट्झलाच आवाज तीन डेसिबलने पडलेला असतो. ‘स’च्या धारेचा वरचा भाग आपण केबलमध्ये सोडून आलो, आणि वर म्हणणार की स्पीकर जरा मंद आहेत.

यावर उपाय बरेच आहेत आणि प्रत्येकाचे भक्त आहेत. पीटर बॅक्सँडॉलच्या सक्रिय, म्हणजे स्वतःची वीज लागणाऱ्या, व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये ऑप-अँप या वर्धन करणाऱ्या चिपच्या मदतीने पॉटच्या पट्ट्यांमधला फरक जवळजवळ निरर्थक होतो, आणि ती मांडणी इतकी सुबक आहे की कागदावर पाहतानाच आनंद होतो. सहा रिले, म्हणजे विजेने उघडझाप होणारे स्विच, घेऊन १, २, ४, ८, १६ आणि ३२ डेसिबलच्या सहा पायऱ्या केल्या तर त्यांच्या जुळणीतून शून्य ते ६३ पर्यंतचा प्रत्येक डेसिबल मिळतो. नॉब फिरवताना मात्र डब्यातून कडकड आवाज येतो आणि मायक्रोकंट्रोलर लिहिण्याचे काम वाढते. मी सक्रिय भाग टाळला. वीजपुरवठा, त्याची घरघर, ऑप-अँपची सळसळ, या सगळ्यांची उत्तरे आहेत, पण प्रश्नच आला नाही तर बरे. माझ्या डब्यात स्पीकरकडे जाणाऱ्या आवाजाच्या वाटेत रेझिस्टर (ठरावीक रोधाचे छोटे भाग), स्विच आणि रिलेचे संपर्क यांखेरीज काही नाही.

मांडणी अशी आहे. संतुलित जोडणीत प्रत्येक चॅनेलला दोन तारा असतात, एक हॉट आणि एक कोल्ड. दोन्हींत २.२ किलोओहमचा एकेक रेझिस्टर ओळीत टाकायचा, आणि त्यांच्या पुढे हॉट आणि कोल्ड यांच्यामध्ये आडवा एक रेझिस्टर जोडायचा. हा आडवा रेझिस्टर जितका लहान, तितका आवाज कमी. संतुलित जोडणीसाठी चार पट्ट्यांचा पॉट लागतो, असा जो समज आहे तो इथे लागू होत नाही, कारण बदलायची ती फक्त मधली आडवी किंमत. चॅनेलला एक याप्रमाणे दोन डेकचा, म्हणजे दोन थरांचा, स्विच पुरतो. शिवाय हॉट आणि कोल्ड यांच्यातला समतोल स्विचच्या हाती राहतच नाही, आणि बाहेरून दोन्ही तारांवर सारखीच चढलेली घरघर पुढच्या टोकाला वजा होऊन जाते.

या मांडणीत एक धोका आहे आणि तो आधीच ओळखून ठेवावा लागतो. आडवा रेझिस्टर सुटला, म्हणजे स्विच एका टप्प्यावरून दुसऱ्यावर जाताना क्षणभर अधांतरी राहिला, तर आवाज कमी होत नाही. पूर्ण जोराने सुटतो. म्हणून स्विच घेताना पुढच्या टोकाला आधी टेकणारा आणि मगच मागचे टोक सोडणारा घ्यावा लागतो. दोन्ही प्रकार बाहेरून हुबेहूब सारखे दिसतात. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून, नॉब अगदी सावकाश दोन खाचांच्या मध्ये नेला की कळते: बीप मधेच तुटली तर तो स्विच आपल्या कामाचा नाही. इतके करूनही काही वर्षांनी एखादा संपर्क मळणारच. म्हणून मी हॉट आणि कोल्ड यांच्यामध्ये ४.७ किलोओहमचा एक रेझिस्टर कायमचा डाख देऊन टाकला आहे. स्विचने पूर्ण हात वर केले तरी आवाज मूळ पातळीच्या सुमारे सहा डेसिबल खालीच अडतो. दहा मीटर केबलचे गाळणे अशा वेळीही ७०,००० हर्ट्झच्या आसपास राहते, म्हणजे आपल्या कानांच्या हद्दीबाहेर.

चोवीस टप्पे दोन-दोन डेसिबलच्या अंतराने बसवले. पहिल्या टप्प्याला वेगळा रेझिस्टर नको, कारण कायमचा तिथे आहेच. शेवटच्याला थेट तार, म्हणजे पूर्ण शांतता. मधल्या बाविसांना चॅनेलगणिक एकेक रेझिस्टर. एक टक्क्याचे मेटल फिल्म रेझिस्टर पट्टीने मिळतात आणि एका टक्क्याची चूक ऐकायला भयंकर वाटते, पण प्रत्यक्षात ओळीतले आणि आडवे विरुद्ध दिशेने चुकले तरी एका चॅनेलला पडणारा फरक ०.१७ डेसिबलच्या वर जात नाही. तरीही एका पट्टीतले रेझिस्टर मोजून, सारखे निघालेले दोन डाव्या-उजव्यासाठी जोडीने बाजूला काढणे, हे संध्याकाळचे उत्तम काम आहे. रेडिओ मंद लावलेला असावा आणि कुणी चहा आणून ठेवावा. स्विचच्या डेकवर टप्प्यांची टोके गोलाकार उभी असतात. प्रत्येक टोकाला रेझिस्टरचा एक पाय हुक करून अडकवायचा, दुसरा पाय वरच्या तांब्याच्या कड्याला टेकवायचा आणि शेजारच्या टोकाचा प्लास्टिकचा आधार वितळायच्या आत डाख देण्याची गन मागे घ्यायची. डाख चकचकीत आणि किंचित खोलगट दिसला तर बसला. गोळा होऊन राहिला तर तो आज बोलेल आणि पावसाळ्यात मुका होईल.

तपासणी साध्या मल्टिमीटरने होते, फक्त त्याची एक खोड माहीत हवी. स्वस्त मीटरचे एसी मापन घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेसाठी असते आणि वर जावे तसे ते खोटे बोलू लागते. म्हणून संगणकातून १०० हर्ट्झचा सूर सोडून प्रत्येक टप्प्यावर डावे-उजवे वाचले. आकडे जुळले की मन निश्चिंत होते, कारण यापुढे निवेदक सरकला तर तो खरोखर सरकलेला असतो.

मोनोचे बटण या मांडणीत जवळजवळ फुकट मिळाले. ओळीतले रेझिस्टर आधीच असल्यामुळे त्यांच्या पुढे डाव्या हॉटला उजवा हॉट आणि कोल्डला कोल्ड एका रिलेने जोडले की बेरीज आपोआप होते, आणि दोन्ही बाजूंना सारखेच असलेले बोलणे ना वाढते ना कमी होते. मोनो दाबल्यावर काही नाहीसे झाले तर समजावे की कुठे तरी एक तार उलटी आहे किंवा दोन माइकांची वेळ जुळत नाही. हे बटण माझ्या मते नॉबच्या खालोखाल महत्त्वाचे आहे. आपले निवेदन शेवटी कुणाच्या तरी मोबाइलच्या एका बारीक स्पीकरवरच वाजणार असते.

रिले सगळे १२ व्होल्टचे, सोन्याचा मुलामा दिलेल्या संपर्कांचे. मोठ्या विजेच्या रिलेत ठिणगीने संपर्क स्वच्छ होत राहतो. आवाजाच्या मिलिव्होल्टांना तेवढी ताकद नसते, म्हणून न गंजणारा धातू लागतो. प्रत्येक कॉइलवर उलटा डायोड, नाहीतर रिले सुटताना स्पीकरमधून टिचकी येते. म्यूटचा रिले असा बसवला आहे की वीज नसताना हॉट-कोल्ड एकमेकांना जोडलेले असतात: वीज गेली की स्पीकर मुके, आणि आल्यावर काही सेकंद थांबून मगच बोलके. ज्यांनी वीज परत येताना इंटरफेसचा धप्प आवाज स्पीकरमधून ऐकला आहे, त्यांना याचे कारण सांगायला नको.

अर्थिंगबद्दल एकच सांगतो, कारण त्यावर लिहू लागलो तर हा लेख संपणार नाही. कॅनडातल्या नील मन्सी यांनी १९९५ साली ध्वनिअभियंत्यांच्या शोधपत्रिकेत दाखवून दिले, की एक्सएलआर या तीन पिनांच्या जोडाची पहिली पिन, म्हणजे केबलचे कवच, उपकरणातल्या सर्किटच्या ग्राउंडला जोडण्याची सवयच बऱ्याच घरघरीचे मूळ आहे. ती पिन शिरताक्षणी थेट धातूच्या डब्याला जोडावी. माझ्या डब्यात प्रत्येक सॉकेटच्या पहिल्या पिनेपासून अर्ध्या इंचाची जाड तार शेजारच्या स्क्रूला जाते आणि तिचा प्रवास तिथेच संपतो.

आणि मग टॉकबॅक. त्याच्यासाठी डब्यात वेगळा कप्पा आहे, पत्र्याचा आडोसा घालून, कारण डब्यातला एकमेव सक्रिय भाग तोच. पिवळ्या वाटाण्याएवढी इलेक्ट्रेट कॅप्सूल, म्हणजे छोटासा माइक, तिला वीज देणारा एक रेझिस्टर, एनई ५५३२ या जुन्या आणि भरवशाच्या ऑप-अँपचे ४० डेसिबलचे वर्धन, आणि पुढे कलावंताच्या हेडफोन अँप्लिफायरचा एक इनपुट. दीडशे हर्ट्झच्या खालचे सगळे आधीच कापले आहे, कारण टेबलावर ठेवलेल्या पेल्याचा धक्का कुणाच्या कानात जाण्याची गरज नाही. शेवटी दोन डायोड पाठीला पाठ लावून बसवले आहेत; मला शिंक आली तरी हेडफोनमध्ये एका मर्यादेपलीकडे काही जात नाही.

बटण दाबताच दोन गोष्टी व्हाव्या लागतात. माझा माइक उघडावा आणि माझे स्पीकर खाली जावेत. ते गेले नाहीत तर माझ्या स्पीकरमधला आवाज टॉकबॅकच्या माइकात शिरतो, तिथून कलावंताच्या हेडफोनमध्ये, हेडफोनमधून झिरपून त्याच्या माइकात, आणि परत माझ्या स्पीकरमध्ये. वर्तुळ पूर्ण झाले की शिट्टी. पुस्तकातला डिम, म्हणजे स्पीकर तात्पुरते हळू करण्याची सोय, आवाज आहे त्या पातळीपासून २० डेसिबल खाली आणतो. माझा तसा नाही. माझ्या आडव्या मांडणीत ४७ ओहमचा रेझिस्टर जोडला की नॉब कुठेही असो, आवाज जवळजवळ एकाच ठरावीक खालच्या पातळीवर येतो. आधी मला तो मांडणीचा दोष वाटला. वापरल्यावर तोच बरा वाटतो: नॉब वर असेल तर जास्त पडतो, आधीच खाली असेल तर थोडासाच, आणि शिट्टीची शक्यता कुठल्याच जागी उरत नाही.

टॉकबॅकचे बटण दाबलेले असेतोवरच चालू राहणारे हवे. एकदा दाबून चालू आणि पुन्हा दाबून बंद होणारे कदापि नको. काचेच्या अलीकडे जे बोलले जाते ते सगळेच पलीकडे जाण्यासारखे नसते, आणि ते जावे की नाही हे बोटाला सतत ठाऊक असले पाहिजे. बोट उचलले की संबंध तुटला, हा नियम थकलेल्या मेंदूलाही पाळता येतो.

पण न ऐकू जाण्याचा धोका त्याहून मोठा आहे, हे मला एका स्टुडिओत पाहुणा म्हणून बसलो असताना दिसले. आत एक ज्येष्ठ अभिनेत्री कथावाचन करत होत्या. एक मोठा उतारा त्यांनी अप्रतिम वाचला आणि थांबल्या. बाहेर दिग्दर्शक आणि रेकॉर्डिस्ट पुढच्या पानावरच्या छपाईच्या एका मजेदार चुकीवर बोलत होते आणि हसले. टॉकबॅक पडद्यावर कुठे तरी होता, माउस दुसऱ्या खिडकीत होता. आत त्यांना काचेतून हलणारे ओठ आणि हसणारी दोन माणसे एवढेच दिसत होते, कानांत पूर्ण शांतता. बऱ्याच वेळाने संपर्क झाला तेव्हा त्या म्हणाल्या, “काय रे, फार वाईट झालं का? परत घेऊ या का?” परत घेतले. दुसरे वाचन बिनचूक होते, आणि पहिल्यातले जे काही होते ते त्यात नव्हते.

हेडफोन घातलेला माणूस ज्या शांततेत बसतो ती साधी शांतता नसते. त्याने नुकतेच काही तरी दिलेले असते आणि ते पोचले की नाही हे त्याला कळायला दुसरा मार्ग नसतो. म्हणून उतारा संपताच आधी बटण दाबायचे आणि काही तरी बोलायचे, अगदी “छान, एक मिनिट थांबा हं” एवढे का होईना. मत नंतर बनवता येते. या सवयीसाठी बटण शोधावे लागता कामा नये. माझे बटण डब्याच्या डाव्या कडेला, अंगठ्याखाली आहे, रुपयाच्या नाण्याएवढे रुंद, आणि दाबताना आवाज न करणारे. ‘टक’ वाजणारा मायक्रोस्विच बोटाला फार समाधान देतो, पण तोच ‘टक’ कॅप्सूलमधून पलीकडच्या कानात हातोडीसारखा पोचतो. कॅप्सूल म्हणूनच उजव्या बाजूला, छोट्या लवचीक दांड्यावर आहे.

टॉकबॅकची उलटी बाजूही असते: कलावंताच्या खोलीत टांगलेला, त्यांचे बोलणे रेकॉर्डिस्टला ऐकवणारा माइक. १९७९ साली लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत पीटर गेब्रिएल यांच्या ध्वनिमुद्रणात फिल कॉलिन्स ड्रम वाजवत असताना एसएसएल कन्सोलच्या या माइकामधून जे ऐकू आले, त्याने ऐंशीच्या दशकातल्या ड्रमचा आवाजच बदलला. कुजबूज आणि ड्रमचा तडाखा दोन्ही सारखेच ऐकू यावेत म्हणून त्या माइकावर जबरदस्त कॉम्प्रेसर होता. ह्यू पॅजम या अभियंत्याला ते दबलेले, फुगलेले ड्रम आवडले आणि त्याने ती वाट ध्वनिमुद्रणासाठीच वापरली. केवळ निरोपानिरोपीसाठी ठेवलेल्या तारेतून हे निघाले, याची मला गंमत वाटते. माझ्याकडे तो माइक नाही. बोलण्याच्या कामात कलावंताच्या तोंडासमोर चांगला माइक असतोच आणि तो मी कधी बंद करत नाही. तबला-पेटीची मैफल मुद्रित करणाऱ्यांनी मात्र त्याची सोय जरूर करावी. तबलजी माइकाकडे तोंड करून काही सांगत नाहीत.

ज्यांना रोज काम उरकायचे आहे त्यांनी तयार डबा विकत घ्यावा आणि सुखाने नांदावे. बांधणाऱ्याला मिळते ते एवढेच, की एखादी गोष्ट खटकली तर झाकणाचे चार स्क्रू काढून ती बदलता येते. आमच्याकडे वाचायला येणारे एक वयस्क काका आहेत. टॉकबॅक उघडा असताना त्यांच्या खोलीत एक हिरवा दिवा लागतो, आणि तो लागला की ते पुस्तकावरून मान वर करतात. एकदा ते म्हणाले, “अरे, दिवा विझलेला असतो तेव्हा तुम्ही आपसात काय बोलता ते मला कळलं नाही तरी चालेल. पण बोलताय, एवढं कळू दे. म्हणजे मी पाणी पिऊन घेईन.”

मागणी रास्त होती. डब्याच्या पुढच्या पट्टीवर दुसऱ्या हेडफोनसाठी पाडून ठेवलेले एक भोक रिकामे होते. त्यात एक साधा टॉगल बसवला, एक किलोओहमच्या रेझिस्टरमधून पिवळ्या एलईडीला १२ व्होल्ट दिले आणि तो हिरव्याच्या शेजारी लावला. तारेची जोडी भिंतीतून आधीच गेलेली होती. आता पिवळा लागला की काका चष्मा काढून ठेवतात आणि बाटली उघडतात.